व्याख्यानमंडपापासून गडापर्यंत : पुण्यातील प्रौढशिक्षणाची एक परंपरा

शाळा सुटल्यावर, संसाराला लागल्यावर आणि कोणतीही परीक्षा समोर नसताना शिकत राहण्याची जी रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात रुजली, तिची सर्वांत ठळक खूण म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला होय. ही माला चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. सार्वजनिक प्रश्नांवर मराठीतून मुद्देसूद बोलणारे वक्ते घडावेत हा हेतू या नावातच व्यक्त होतो. २१ एप्रिल ते २० मे हा मालेचा पुढे रूढ झालेला काळ शाळांच्या सुटीचा असल्याने शिक्षक, विद्यार्थी आणि पाहुणे म्हणून शहरात आलेले लोक यांना सलग अनेक संध्याकाळी विविध विषय ऐकणे शक्य होई.

या उपक्रमाला श्रोता आयता मिळाला, कारण कीर्तन आणि पुराणश्रवण यांमुळे तासन् तास बसून एखादा विषय ऐकण्याची सवय मराठी समाजाला पिढ्यान् पिढ्या होती. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व मांडून उत्तररंगात आख्यानाने ते पटवून देत असे. व्याख्यात्याने आख्यानाच्या जागी इतिहास, अर्थकारण किंवा विज्ञान आणले, पण श्रोत्याचा तो घडलेला कान त्याला वारशानेच लाभला. पाश्चात्त्य पद्धतीच्या सभेचे हे अनुकरण होते असे म्हणून थांबणारे विवेचन म्हणूनच अपुरे ठरते.

मात्र त्या मंडपात कोण बसत होते, हा प्रश्न या इतिहासात टाळता येत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी १८५५ मध्ये, म्हणजे व्याख्यानमालेच्या वीस वर्षे आधी, रात्रीची शाळा काढली होती आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या सवडीची वेळ धरून शिक्षण त्याच्यापाशी नेले होते; शिक्षित, बहुतांशी उच्चवर्णीय श्रोत्यांवर उभ्या राहिलेल्या व्याख्यानपरंपरेला ही पोहोच दीर्घकाळ साधली नाही, आणि तिच्या थोरवीचा हिशेब करताना ही उणीव मांडलीच पाहिजे. स्त्रियांची वाटही सोपी नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, परंतु स्त्रियांच्या सभांना जाण्यावरून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष कसा ओढवे, हे रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्या घरातून व्याख्यानमालेची प्रेरणा आली, त्याच घरातली ही हकीकत आहे.

१९१० मध्येच वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, आणि जुनी दप्तरे, नाणी, ताम्रपट यांचा अभ्यास सभेत निबंध वाचून सर्वांपुढे मांडण्याला त्यामुळे स्थिर जागा मिळाली. या अभ्यासाला जोडूनच प्रत्यक्ष स्थळदर्शनाची ओढ वाढली. तिला लोकोत्सवाची पार्श्वभूमीही होती : लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये केसरीतून रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभारली, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला, आणि इतिहास जिथे घडला तिथे जाऊन तो समजून घेण्याची कल्पना घरोघर पोहोचली. पुढे गो. नी. दांडेकर यांनी तरुणांना बरोबर घेऊन केलेल्या दुर्गभ्रमंतीने या कल्पनेला जिवंत शिस्त दिली.

अशा सहलीत शिकवण्याची रीत सभेपेक्षा वेगळी असते, हे रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखावरून कळते. हिरोजी इंदुलकर यांचे नाव असलेल्या या संस्कृत लेखात विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा आणि राजवाडे यांचा उल्लेख येतो. जाणकाराने आधी लेखाचा अर्थ सांगावा आणि मग मंडळींनी गंगासागर तलाव, बाजारपेठेची जोती, वाड्यांचे चौथरे स्वतः फिरून पाहावेत, म्हणजे पुरावा वाचणे आणि तो जमिनीवर पडताळणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी साधतात. इथे निरक्षर माणूसही मागे पडत नाही, उलट गडाच्या घेऱ्यात राहणाऱ्या आणि प्रत्येक चोरवाटेचे, टाक्याचे नाव तोंडपाठ असलेल्या रहिवाशाला विचारल्यावाचून अभ्यासकाचे पान पुरे होत नाही.