परक्या मुलखात बोलायचं कुणाशी?



आपल्या शिवनेरीच्या लेण्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. यवनांनी, म्हणजे त्या काळच्या परदेशी माणसांनी, तिथे पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दान दिला, असं त्यांत कोरलंय. पण ते लेख परक्या भाषेत नाहीत, इथल्या प्राकृतात आहेत. परमुलखात राहायचं तर तिथल्या बोलीत शिरावंच लागतं.

आपल्या बायांना हे कसं जमलं? एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी त्यांना येत होतं; निघण्याआधी सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषणही केलं होतं. पण भाषण करणं वेगळं आणि परक्या घरी पंगतीला बसणं वेगळं. नको कसं म्हणावं, दुखलंखुपलं कुणाला सांगावं, हे पुस्तकात नसतं. त्यांना आधार झाला कार्पेंटरबाईंचा. दोघींची पत्रं आधीपासूनच चालू होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. कॉलेज सुरू होईपर्यंत त्या न्यू जर्सीत त्यांच्याच घरी राहिल्या. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या बाळंतपणाच्या शास्त्रावर! पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्या वारल्या.

१८८३ सालीच पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी पदवी दिलेली ही पंडिता तिथे इंग्रजी शिकायला बसली आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागली. नवं शिकताना त्यांनी आपल्याजवळचं कमी मानलं नाही. आनंदीबाईंच्या पदवीदानालाही त्या अमेरिकेत हजर होत्या.

आज आंबेगाव-जुन्नरच्या पोरी पुण्याला शिकतात, कुणी परदेशीही जाते. मार्क चांगले असतात, पण आपल्या बोलण्याला कुणी हसेल म्हणून चारचौघींत तोंड उघडत नाही. मग आजारपणसुद्धा खोलीतच काढतात. म्हणून फोनवर नुसतं “जेवलीस का, पेपर कसा गेला” एवढंच विचारू नका. “आज कुणाशी बोललीस?” हेही विचारा. जाण्याआधीच तिथली एखादी ओळखीची बाई शोधून ठेवा. आणि पोरीला सांगा, चुकलं तर चुकू दे, पण बोल. आपली बोली सोडायची नाही, तिच्या जोडीला दुसरी घ्यायची.