येऊरच्या रानात बिबटे किती? (थ्रेड)

जून २००४. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांत त्या एका महिन्यात दहाच्या आसपास माणसे बिबट्यांच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. परंतु मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये पसरलेल्या या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या रानात बिबटे नेमके किती, या साध्या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नव्हते. पंजांच्या ठशांवरून केलेली मोजणी बेभरवशाची होती.

उत्तर दिले ते एका कॅमेऱ्याने. त्याची वंशावळ पाहण्याजोगी आहे.

अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी वाटेवर तार ताणून हरणांना स्वतःचेच छायाचित्र काढायला लावले. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे छापली. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हीच युक्ती संयुक्त प्रांतातल्या वाघांवर योजली. १९२७ साली त्यांचे पुस्तक आले. वाघाचे छायाचित्र म्हणजे कलेवरापाशी बंदूक घेऊन उभा साहेब, असा तो काळ! तारेला वाघाचा पाय लागे, झगमगाट होई, आणि त्या रात्रीचे काम संपे.

पुढे तार गेली, संवेदक आला. आजचा कॅमेरा ट्रॅप नुसती हालचाल पाहत नाही. सभोवतालापेक्षा वेगळ्या उष्णतेचे शरीर समोरून सरकले की तो जागा होतो. म्हणूनच भर उन्हाळ्यातल्या तापलेल्या दुपारी तो गोंधळतोही.

पण छायाचित्र म्हणजे मोजणी नव्हे. ती दृष्टी के. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत दिली. वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके कोणत्याही दोघांचे सारखे नसतात, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही निराळे. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. समजा, पहिल्या फेरीत २० बिबटे ओळखले. दुसऱ्या फेरीतही २० आले, त्यांतले १० जुनेच. म्हणजे पहिल्या फेरीने रानातले निम्मे बिबटे टिपले होते. एकूण सुमारे ४०. प्रत्यक्षातले गणित अधिक किचकट असते, गाभा हाच.

या रीतीने २०१५ साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात येथील बिबट्यांचा अंदाज ३५ निघाला. २०१८ च्या पाहणीत तो ४७ वर गेला.

दरम्यान विद्या अत्रेय यांच्या जुन्नरमधील संशोधनाने दाखवले होते की, बिबटे पकडून अन्यत्र सोडल्याने हल्ले घटत नाहीत, उलट वाढू शकतात. ओळख पटलेला, वर्षानुवर्षे त्याच वाटेने निमूट जाणारा बिबट्या कॅमेऱ्यात दिसू लागला, तेव्हा ‘दिसला की पिंजरा लावा’ या मागणीला उत्तर देणे वनखात्याला सोपे झाले, असे माझे मत. पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना मात्र वाघोबाचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या एका मॉलमध्ये आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत बिबट्या शिरला. दोन्ही वेळी माणसांच्या गर्दीतून त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले.