नशेच्या केसमध्ये अडकलेल्या मुलासाठी तुरुंगाऐवजी उपचार : कायदा काय देतो, मदत कुठे मिळते

मोहल्ल्यातला एखादा मुलगा एमडीच्या पुडीसह पकडला गेला की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, "कसंही करून सोडवा." दुसरी, "कुणाला कळू देऊ नका." या धावपळीत तिसरी गोष्ट राहून जाते. मुलगा व्यसनाने आजारी आहे का, आणि कायद्यात त्याच्या इलाजाची काही सोय आहे का? सोय आहे, पण ती मागावी लागते. आम्ही शिक्षक मंडळी पालकांशी बोलतो तेव्हा जाणवते की बहुतेकांना हे ठाऊकच नसते. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आधी माल किती, ते पाहा

अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा आहे. त्यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. 'अल्प प्रमाण' म्हणजे एमडी (मेफेड्रोन) २ ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम आणि गांजा १ किलोपर्यंत. वजन भेसळीसकट धरले जाते, असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे. अल्प प्रमाण जवळ बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या सेवनासाठी कलम २७ आहे. त्यात पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

उपचाराचा रस्ता या छोट्या गुन्ह्यांसाठीच आहे. मोठा साठा किंवा धंदा असेल तर तो बंद आहे.

दोन कलमे लक्षात ठेवा

*कलम ६४-अ.* वकील याला '६४-ए' म्हणतात. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी, महापालिकेच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण झाले पाहिजेत. अर्ध्यात सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

*कलम ३९.* इथे कोर्टाने दोषी ठरवलेले असते. तरीही वय, आधीचे वागणे आणि तब्येत पाहून, आरोपीच्या संमतीने, न्यायाधीश त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतात. बंधपत्र द्यावे लागते आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टात सादर करावा लागतो. अहवाल चांगला असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येते.

दोन्ही कलमांत 'व्यसनी' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्यात त्याचा अर्थ आहे अमली पदार्थावर अवलंबून असलेला माणूस. गंमत म्हणून एकदा ओढणारा त्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरचा कागद लागतो. केसपेपर, तपासणी, आधीच्या उपचाराची फाइल, सगळे जपून ठेवा.

"कबूल कर, दंड भर, घरी जा"

हा सल्ला सर्रास मिळतो. त्या दिवशी मुलगा घरी येतोही. पण दोषी म्हणून नोंद राहते, पुढच्या वेळी शिक्षा दीडपटीपर्यंत वाढू शकते आणि व्यसन आहे तिथेच राहते. कबुली देण्याआधी वकिलाला एकच प्रश्न विचारा : "६४-ए किंवा ३९ लागू होईल का?" वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीत असलेल्या कुणालाही तिथे मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

मुलगा अठराच्या आतला असेल तर

त्याची केस बाल न्याय मंडळापुढे जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ समुपदेशन, समाजसेवा, शाळेत हजेरी आणि व्यसनमुक्ती कार्यक्रम असे आदेश देऊ शकते. या केसचा डाग पुढे नोकरी-शिक्षणात आड येऊ नये, अशी तरतूदही कायद्यात आहे. म्हणून केस झाली म्हणून शाळा सोडवू नका. लहान मुलाला नशा पुरवणाऱ्याला मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

इलाज म्हणजे नेमके काय

अंगातली नशा उतरवणे ही फक्त पहिली पायरी. त्याला एक-दोन आठवडे लागतात. खरे काम त्यानंतर सुरू होते : समुपदेशन, घरच्यांशी बैठका, रोजगार, नियमित भेटी. ब्राऊन शुगरच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध देखरेखीखाली देतात. सुई टोचणाऱ्यांसाठी अशी केंद्रे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चालतात. एमडीवर असे पर्यायी औषध नाही. तिथे समुपदेशन आणि घरच्यांची साथ यावरच भर असतो.

एक धोका घरच्यांना माहीत हवाच. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटल्यावर ब्राऊन शुगर सोसण्याची शरीराची ताकद कमी झालेली असते. मुलाने जुन्याच मापाने पुडी घेतली तर जीव जाऊ शकतो. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्याला एकटे सोडू नका. पुन्हा घसरला तर शिव्याशाप न देता परत केंद्रात न्या. घसरणे हा या आजाराचाच भाग आहे.

कुठे जायचे

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही व्यसनाचा इलाज होतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे, मुंबईत वांद्र्याची कृपा फाउंडेशन आहे. केंद्र निवडताना दोन गोष्टी विचारा : सरकारी मान्यता आहे का, आणि कोर्टात चालेल असा अहवाल देता का? जिथे मारहाण होते, साखळीने बांधतात, तिथून मुलाला लगेच काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यावर त्यात सक्त बंदी आहे.

बदनामीच्या भीतीने अम्मी-अब्बा गप्प राहतात आणि तेवढ्यात तारीख निघून जाते. मशिदीचे जबाबदार, शाळा आणि मोहल्ला कमिटी यांनी एवढे तरी करावे : पहिल्या तारखेला त्या घरासोबत कोर्टात उभे राहावे, आणि उपचार पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला मुलाची विचारपूस करावी.