नागीण, मज्जा आणि शंभर दिवस

नागिणीचा विळखा कमरेभोवती पूर्ण झाला की माणूस जगत नाही, असं आमच्याकडे अजूनही म्हणतात. माझी दादी त्या फोडांवर गेरू लावायची. विळखा कधीच पूर्ण होत नसे, आणि श्रेय गेरूला जाई. खरं कारण वेगळं आहे. नागीण एकाच बाजूच्या नसेच्या वाटेने उठते, सहसा पाठीचा कणा ओलांडत नाही.

नागीण आणि लहानपणच्या कांजिण्या यांचा विषाणू एकच, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. डॉक्टरांनाही ते सहजासहजी पटलं नव्हतं. 1965 मध्ये इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर या छोट्या गावच्या डॉ. होप-सिम्पसन यांनी मांडलं की कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो आणि शरीराचा पहारा ढिला पडला की उठतो. (भाषेच्या शिक्षकाची एक तक्रार: मराठीत मज्जातंतूही ‘मज्जा’ आणि हाडातला गरही ‘मज्जा’. उर्दूत हा घोळ नाही. तिथे ‘आसाब’ वेगळे, ‘हड्डी का गूदा’ वेगळा.)

म्हातारपणात पहारा ढिला पडतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात तर तो मुद्दाम मोडावा लागतो. 20 मार्च 1983 रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं असं प्रत्यारोपण केलं. रुग्ण रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. अडवाणी हे तंत्र अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. थॉमस यांना पुढे 1990 मध्ये नोबेल मिळालं. अडवाणींना स्वतः आठव्या वर्षी पोलिओ झालेला, सगळं काम चाकाच्या खुर्चीतून. विषाणू म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

प्रत्यारोपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठं ऑपरेशन येतं. प्रत्यक्षात रुग्णाला त्या दिवशी रक्ताची पिशवी लावतात तशी मज्जेची पिशवी लावतात. त्याआधी जबर औषधांनी त्याची स्वतःची मज्जा संपवलेली असते. नवी रुजून रोगप्रतिकारशक्ती उभी राहायला महिने लागतात, आणि त्या मोकळ्या मैदानात जुने झोपलेले जागे होतात.

त्यातला सर्वांत घातक सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही. भारतात बहुतेक प्रौढांच्या अंगात तो असतोच आणि आयुष्यभर पत्ता लागू देत नाही. प्रत्यारोपणानंतर तो फुप्फुसात उतरला, तर सुरुवातीच्या काळात दहातले आठ-नऊ रुग्ण दगावत. तपासणी होती, पण विषाणू पेशींत वाढवून पाहायला आठवडे जात. निकाल येई तेव्हा रुग्ण गेलेला असे.

गॅन्सिक्लोव्हिर हे औषध आलं, पण तेही दुधारी. ते नव्या मज्जेलाच दाबतं. सरसकट सगळ्यांना दिलं तर रुजलेलं रोपच करपायचं, आणि ताप-धाप दिसेपर्यंत थांबलं तर उशीर. 1991 मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनी मधली वाट दाखवली. आजार दिसायच्या आधीच विषाणू शोधायचा, आणि ज्याच्यात सापडेल त्यालाच औषध द्यायचं. मला या साऱ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत मोठा वाटतो, जरी त्याला कोणी नोबेल दिलं नाही.

नोबेल मिळालं ते पीसीआरला. कॅरी मुलिस यांना ही कल्पना सुचली तीही 1983 मध्येच. कोरोनात आपण सगळे हा शब्द शिकलो. इथे मात्र प्रश्न फक्त ‘आहे की नाही’ एवढा नसतो. विषाणू किती आहे आणि गेल्या आठवड्यापेक्षा वाढला का, हे पाहतात. म्हणून साधारण पहिले शंभर दिवस दर आठवड्याला रक्त घेतात. 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लेटर्मोव्हिर मज्जेला फारसं दाबत नाही, त्यामुळे ते आधीपासूनच देता येतं. पण ते महाग आहे, आणि रक्तावरची नजर तरीही सुटत नाही.

हे सगळं नंदुरबारच्या माणसाने का वाचावं? आपल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तो मुळातून बरा करण्याचा प्रस्थापित उपाय आज प्रत्यारोपण हाच आहे. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ती जुळली, पैशांची सोय झाली, तरी धडगाव-अक्कलकुव्याहून दर आठवड्याला मुंबईला रक्त द्यायला कोण जाईल? घाट उतरून नंदुरबार, तिथून सुरतमार्गे रेल्वे, तीही प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलाला गर्दीच्या डब्यात बसवून. म्हणून कुटुंबंच तिकडे मुक्काम हलवतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण राहतात ते याच कारणाने. तिथे जागा मिळाली तर.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने रजेचा अर्ज आणला होता. कारण लिहिलं होतं, ‘भाईला हाडातलं देण्यासाठी’. मी आठवड्याची रजा धरली होती. ती परत आली चौथ्या महिन्यात, कारण आई-अब्बा दोघंही तिकडे आणि घरी तिला सांभाळायला कोणी नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर तिने दर सोमवारचा आकडा लिहून ठेवला होता. मधले तीन आकडे वाढत गेलेले, मग उतरलेले, आणि शेवटी सलग पाच सोमवार शून्य.