शाणन, कठीण मिश्रधातूंचे

अपघर्षक चाकाने धातूचा पातळ थर काढताना (शाणन, ग्राइंडिंग) खर्च होणाऱ्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. ती किती लवकर आत पसरते, यावर पृष्ठभागाचे भवितव्य ठरते. साध्या कार्बन पोलादाची उष्णतासंवाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असते. इनकोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूची जेमतेम ११. त्यामुळे त्यात उष्णता वरच साचते. पोलादही फार तापले की त्यावर निळसर-तपकिरी डाग उमटतो, थर मऊ पडतो, कधी केसासारख्या भेगा जातात. शेवटच्या हलक्या फेरीत डाग निघून जातो, पण खालचे नुकसान तसेच राहते. नुसत्या चकाकीवर विसंबणे धोक्याचे. नायट्रिक आम्लाच्या सौम्य अल्कोहोली द्रावणाने पोलादावरील असा लपलेला भाग उघडा पडतो.

जळगावच्या प्लास्टिक पाइप उद्योगाला अशा शाणनाशी थेट काम पडते. वितळते प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या आट्यांवर नायट्राइडचा किंवा कठीण मिश्रधातूचा थर असतो. नायट्राइडचा थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच. जास्त घासला की गेला. त्यात खानदेशी उन्हाळा. जळगाव-धुळ्यात पारा ४५° सेल्सियसच्या आसपास पोहोचतो आणि १०० मिमी व्यासाचे पोलाद दर अंशाला १ मायक्रोमीटरहून किंचित अधिक फुगते. गरम असतानाच मोजलेला नग थंड झाल्यावर मापात कमी भरतो. टाकीतले पाणी उडून कूलंटही (थंड ठेवणारा द्रव) घट्ट होते.

चाक वेळेवर ड्रेस करणे (घासून पुन्हा धारदार करणे), काप उथळ ठेवणे आणि कूलंटची धार नेमकी स्पर्शरेषेवर सोडणे, हे उपाय स्वस्त आहेत. १९५७ मध्ये प्रथम तयार झालेल्या घन बोरॉन नायट्राइडचे चाक उष्णता स्वतःकडे ओढते, पण महाग पडते.