लाकडावरील पोचे

लाकडावरील पोचे : जड वस्तू पडून, आदळून किंवा फार दिवस एकाच जागी दाब राहून लाकडी सामानावर पडणारे उथळ खळगे. पोचा आणि खोक यांत फरक आहे. खोक पडते तेव्हा तंतू तुटतात, कधी ढलपीही निघते. पोच्यात लाकूड जागेवरच असते, फक्त चेपलेले असते. पाणी आणि इस्त्रीचा घरगुती उपाय चालतो तो पोच्यावरच, म्हणून आधी निदान पक्के करावे. दिवा मालवून टॉर्च फळीच्या पातळीला आडवी धरली की खळग्याची सावली स्पष्ट पडते. मग खळग्याच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडकले किंवा कुसळे लागली तर ती खोक. नख अलगद आत उतरून वर आले तर पोचा.

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची घट्ट बांधलेली मोळी. आघाताने पेशींच्या भिंती आत दबतात आणि लाकूड कोरडे असल्यामुळे तशाच राहतात. पाणी मुरले की भिंती फुगू लागतात. भिंतींना ताठपणा देणारे लिग्निन ओल्या अवस्थेत सुमारे ८० ते १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि दबलेली पेशी पूर्वीच्या आकाराकडे परतते. पाणी किंवा उष्णता एकेकटी वापरून एवढे काम होत नाही. वाफेत दोन्ही एकत्र येतात. व्हिएन्नाच्या मिखाएल टोनेटने १८५९ मध्ये बाजारात आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची याच गुणावर उभी आहे. त्याने बीचच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या आणि साच्यात वाळवल्या. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या.

पोचा किती सहज पडेल हे लाकडाच्या कठीणपणावर ठरते. तो मोजण्याची गाब्रिएल यांका यांची १९०६ ची चाचणी ही मुळात पोचा पाडण्याचीच आहे : ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा अर्धा आत रुतेपर्यंत लागणारा जोर मोजतात. सागवानाला साधारण पावणेपाच किलोन्यूटन लागतात, शिसवाला त्याच्या दुपटीहून जास्त, तर अमेरिकी पांढऱ्या पाइनला दोनहून कमी.

कृती : पोच्यात गरम पाण्याचे थेंब सोडून पाच-दहा मिनिटे थांबावे. लाकूड गडद झाले तर पाणी मुरते आहे. थेंब गोल राहून नुसताच चमकत असेल तर वरचा थर पाणी अडवतो आहे. मुरत असेल तर सुती फडके ओले करून, पिळून, दुहेरी घडी पोच्यावर ठेवावी आणि मध्यम तापलेली इस्त्री पाच ते दहा सेकंद टेकवावी. कानही तयार ठेवावा : चुरचुर आवाज थांबला की फडके सुकले, इस्त्री लगेच उचलायची. घाई करणाऱ्यांचे लाकूड करपते ते इथेच. फडके पुन्हा ओले करून हेच करावे. उथळ पोचा दोन-तीन खेपांत वर येतो. खोल पोचा पूर्ण भरेलच असे नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर फरक दिसेनासा झाला की थांबावे. लहान खळग्यावर इस्त्रीचे फक्त टोक वापरावे. लोखंडी इस्त्री ओल्या लाकडाला थेट लावू नये. टॅनिन असलेल्या लाकडावर लोखंडाचा काळपट डाग उठतो.

चपडा लाखेच्या पॉलिशवर वाफेने पांढरट धुके येते. त्यावरून स्पिरिटचा अगदी हलका बोळा फिरवला की ते बहुधा जाते. बोळा जास्त ओला झाला तर पॉलिशच विरघळते. पॉलियुरेथेन किंवा मेलामाइनचा थर पाणी आत जाऊच देत नाही. तो त्या जागेपुरता घासून काढावा लागतो आणि मग सगळ्या फळीचे पॉलिश जुळवणे आले. ते काम पॉलिशवाल्याकडे सोपवलेले बरे.

काही ठिकाणी वाफ वापरूच नये. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. सनमायकाखाली वाफ पोहोचत नाही. विनियरचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो; उष्णतेने गोंद सुटून त्यावर फुगवटा येतो. जुन्या सामानाचे सांधे पुष्कळदा सरसाने जोडलेले असतात आणि सरस गरम ओलाव्यात ढिला होतो, म्हणून सांध्याजवळचा पोचा सोडून द्यावा. सावंतवाडीच्या लाखकामाला तर इस्त्री लावूच नये, उष्णतेने लाख मऊ पडते.

वर आलेली जागा किमान एक दिवस वाळू द्यावी. ओली असतानाच घासली तर वाळल्यावर ती आणखी बसते आणि घासून काढलेले लाकूड परत मिळत नाही. मग २२० आणि नंतर ३२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. आडवा फिरवलेला पेपर पॉलिशखाली ओरखडे सोडतो. कोकणात आणि मुंबईत लाखेचे पॉलिश पावसाळा टळल्यावर करावे. दमट हवेत त्याचा थर दुधाळ होतो. थोडा खळगा उरलाच तर चपड्याचे पातळ हात एकावर एक देऊन तो भरता येतो. खोकेसाठी मात्र त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरावा, किंवा लाखेची कांडी तापल्या सुरीने वितळवून ओतावी.