पानथरी काढली, पुढे काय?

आज ज्या अवयवाबद्दल बोलायचंय, त्याचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दहावीच्या परीक्षेनंतर घेतलं नसेल. पानथरी. पुस्तकात प्लीहा, डॉक्टरांच्या तोंडी स्प्लीन. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा मऊ जांभळट गोळा. माझ्याकडे तो नाहीये. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला बाइकचा अपघात झाला, हँडल पोटात घुसलं, आतल्या आत रक्त जायला लागलं आणि त्याच रात्री पानथरी काढावी लागली. त्या ऑपरेशनमुळेच मी आज माइकसमोर बसलोय, त्यामुळे सर्जनबद्दल तक्रार नाही.

मला छळतो तो वेगळाच प्रश्न. पानथरी नसलेल्या माणसाला सकाळी आलेला साधा ताप दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवावर बेतू शकतो. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पक्की कळली १९५२ मध्ये. पानथरी काढणं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. मग मधल्या काळात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

अगदी मागून सुरुवात करू. पानथरी नेमकं काय करते हे जुन्या जगात कुणालाच नीट माहीत नव्हतं. ग्रीक-रोमन परंपरेत, म्हणजे गॅलनच्या वैद्यकात, ती काळ्या पित्ताची जागा, म्हणून उदासपणाचं घर. इंग्रजीत अजूनही स्प्लीन म्हणजे चिडचिड, राग. आपल्याकडे चरकसंहितेत यकृत आणि प्लीहा ही रक्तवाहिन्यांची मुळं मानलीत, आणि पोटाच्या आठ रोगांत प्लीहोदर, म्हणजे पानथरी वाढून पोट फुगणं, हा एक. रक्ताशी नातं आहे हे बरोबर ओळखलं होतं. (लगेच ‘आपल्याला सगळं आधीच माहीत होतं’ असे मेसेज फॉरवर्ड करू नका. जंतू ही कल्पनाच तेव्हा नव्हती.)

वाढलेली पानथरी हा तर हिवतापाच्या प्रदेशातला रोजचा अनुभव. १८४०च्या दशकात डेम्प्स्टर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने उत्तर हिंदुस्थानात कालव्यांच्या आसपासच्या गावांत लोकांची पोटं चाचपून पाहिली आणि किती जणांची पानथरी वाढलीय यावरून तिथे हिवताप किती हे ठरवलं. मलेरियाचा परजीवी सापडायला अजून तीसेक वर्षं होती, आणि हा माणूस नुसत्या बोटांनी सर्व्हे करत होता.

अशी सुजलेली पानथरी थोड्याशा माराने फुटते. यावरून एक काळा किस्सा सांगतो, थोडं विषयांतर होईल. १८७५ मध्ये आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी वेळेवर आली नाही म्हणून आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारलं. तो मेला. शवविच्छेदनात पानथरी फुटलेली निघाली. शिक्षा काय? तीस रुपये दंड. आधीच आजारी पानथरी होती, साहेबाला काय माहीत, असा सगळा मामला. व्हाइसरॉय लिटनलासुद्धा हे पचलं नाही, त्याने त्यावर कडक टिपण लिहिलं, आणि त्यावरून इथले गोरे त्याच्यावरच उखडले. असो.

आता ऑपरेशनकडे. १८२६ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकमध्ये क्विटनबाउमने पानथरी काढल्याची व्यवस्थित नोंद आहे, पण त्याची पेशंट काही तासांतच गेली. १८६७ मध्ये पॅरिसच्या पेआँने काढली आणि पेशंट जगली. भूल आधीच आली होती, पुढे निर्जंतुक हातांनी काम करण्याची पद्धत आली, आणि एकोणिसावं शतक संपता संपता अपघातात फुटलेली पानथरी काढून माणूस वाचवणंही जमायला लागलं. सर्जन खूश. पेशंट टाके काढून घरी चालत जायचा. यश मोजायची फूटपट्टी तेवढीच होती: घरी गेला का?

इथे आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. थिओडोर कोखर, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातला. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९चं नोबेल मिळालेला सर्जन. त्याच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकाची १९११ची इंग्रजी आवृत्ती बघा. त्यात पानथरीबद्दल जे म्हटलंय त्याचा आशय असा, की तिला इजा झाली तर ती काढून टाकावी, काढल्याने काही वाईट परिणाम होत नाहीत, उलट रक्तस्रावाचा धोका संपतो. कोखरचं पुस्तक म्हणजे तेव्हाच्या सर्जनसाठी शेवटचा शब्द. विषय संपला.

पण मंडळी, हाच कोखर! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा नाव तपासून पाहिलं होतं. कारण थायरॉइडच्या बाबतीत ह्याच माणसाने नेमकी हीच चूक स्वतःची स्वतः पकडली होती. स्विस डोंगराळ भागात गलगंड खूप, आणि कोखर अख्खी थायरॉइड ग्रंथी सफाईने काढायचा. पेशंट घरी जायचे. मग अकरा वर्षांच्या एका मुलीबद्दल तिच्या गावच्या डॉक्टरकडून कळलं की ऑपरेशननंतर ती पार बदललीय, मंद झालीय. पुढे जिनिव्हाच्या रेव्हर्दाँनेही असंच काहीतरी कानावर घातलं. तेव्हा कोखरने काय केलं? जुन्या पेशंटना पत्रं पाठवून परत बोलावलं. ती मुलगी आली, वाढ खुंटलेली, चेहरा सुजलेला. धाकटी बहीण तिच्याहून उंच झाली होती. एकामागून एक तीच कथा. १८८३ मध्ये त्याने हे सगळं भर परिषदेत मांडलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडलं. मला या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो. पानथरीच्या पेशंटना मात्र तशी पत्रं गेली नाहीत.

का गेली नाहीत, याचा मी बराच विचार केलाय. थायरॉइड काढलेल्या माणसात फरक दिसतो. गावातला डॉक्टर ओळखतो, आई ओळखते. पानथरी काढलेल्या माणसात दिसण्यासारखं काहीच नसतं. तो कामाला जातो, जेवतो, क्रिकेट खेळतो. आणि पाच वर्षांनी न्यूमोनियाने जातो. १९११ मध्ये न्यूमोनियाने जाणं म्हणजे बातमीच नव्हती, अँटिबायोटिक नव्हतीच. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं जाणार आणि पोटावरच्या जुन्या व्रणाकडे कुणी बघणार नाही. आमच्या धंद्यात सांगायचं तर, रोज हजार एरर येणाऱ्या लॉगमध्ये हा एक एरर वेगळा दिसतच नव्हता.

इशारा मिळाला नाही असंही नाही. १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलक या दोघांनी पानथरी काढलेल्या उंदरांना जंतुसंसर्ग दिला. ते उंदीर इतरांपेक्षा जास्त मेले. माणसाबाबतही सावध राहायला हवं असं त्यांनी लिहून ठेवलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कोखर तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती.

मग १९५२. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये हॅरल्ड किंग आणि हॅरिस शूमाकर. त्यांच्याकडे पाच बाळं होती, सहा महिन्यांच्या आतच पानथरी काढलेली. जन्मजात रक्ताचा आजार होता, त्यात तांबड्या पेशी गोल होतात आणि पानथरी त्या मोडून टाकते, म्हणून काढलेली. पाचही जणांना नंतर भयंकर संसर्ग झाला, दोघं दगावली. पाच म्हणजे आकडा किती लहान! पण आता पेनिसिलिन आलं होतं, लहान मुलं संसर्गाने पटापट जाणं कमी झालं होतं, त्यामुळे पाचांत पाच हे डोळ्यांत खुपलं. आणि मुख्य म्हणजे हे दोघं त्या बाळांच्या मागे राहिले.

त्यानंतर लोकांनी मोजायला सुरुवात केली. १९७३ मध्ये सिंगर यांनी आधी छापून आलेली २,७९५ पेशंटची माहिती एकत्र केली. सुमारे ४.२ टक्के लोकांना रक्तात पसरणारा संसर्ग झालेला, अडीच टक्के त्यातच गेलेले. अपघातात पानथरी गेलेल्यांना धोका कमी, थॅलेसेमियाच्या मुलांना कितीतरी जास्त. १९७७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या ७४० अमेरिकन सैनिकांचा अभ्यास आला. धडधाकट तरुण, युद्धात जखमी होऊन पानथरी गमावलेले. त्यांच्यात न्यूमोनियाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. म्हणजे हा प्रश्न फक्त तान्ह्या बाळांचा नव्हता, आणि ऑपरेशनला कित्येक वर्षं झाली म्हणून सुटलो असंही नव्हतं.

होतं काय नेमकं? रक्त पानथरीत आलं की मंदावतं, बारीक फटींतून गाळलं जातं. म्हाताऱ्या, ताठर झालेल्या तांबड्या पेशी तिथे अडकतात, जंतूही अडकतात. आता काही जंतूंच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं गुळगुळीत कवच असतं. न्यूमोकोकस हा त्यातला सगळ्यात मोठा खलनायक. हा जंतू म्हणजे अंगाला तेल चोपडलेला पैलवान, पांढऱ्या पेशींच्या पकडीतून निसटतो. आखाड्यात माती लावली की पकड बसते ना, तसं शरीर त्याला अँटिबॉडीची माती लावतं. अशी माती झटपट बनवणाऱ्या पेशींचा मोठा तळ पानथरीत असतो, आणि जंतूला पुरेशी माती लागलेली नसली तरी त्याला धरायचं काम पानथरीच सगळ्यात चांगलं करते. ती नसली की यकृत गाडा ओढतं, पण अशा जंतूंपुढे ते कमी पडतं. म्हणून सर्दी-पडशाला आम्ही इतरांसारखेच. घोटाळा होतो तो या कवचवाल्यांशी गाठ पडली तर, आणि मग वेळ तासांत मोजायची असते. जुन्या नोंदींमध्ये असा संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक वाचले नाहीत.

या इतिहासात एक भारतीय नावही आहे, डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय. टोरोंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांनी सिम्पसन यांच्याबरोबर १९६८ मध्ये एक पेपर लिहिला. सगळ्या जगात फुटलेली पानथरी म्हणजे काढायचीच असं चाललेलं असताना, लहान मुलांत रक्तस्राव थांबलेला असेल तर नुसतं नीट लक्ष ठेवून पानथरी आपोआप भरून येते, हे त्यांनी दाखवलं. पुढे ते दिल्लीच्या एम्समध्ये मुलांचे सर्जन होते. आज जगभर, रक्तदाब टिकून असेल तर, पानथरी वाचवायचाच प्रयत्न होतो. माझा रक्तदाब टिकून नव्हता. ठीक आहे.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे, जड उचलू नका, तिखट कमी, हे सगळं होतं. लसीबद्दल एक शब्द नव्हता. चौदा महिन्यांनी मला न्यूमोनिया झाला. थंडी भरून आली तेव्हा रूममेट म्हणाला झोप, सकाळी बघू. आई फोनवर म्हणाली, काढा घे रे. त्यांना काय माहीत, मलाच माहीत नव्हतं. मध्यरात्री ओठ निळे दिसायला लागल्यावर त्याने रिक्षा आणली. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मॅडमनी पोटावरचा व्रण बघून विचारलं, हा कसला? मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, मग लसी कुठल्या घेतल्यास? १९५२ मध्ये कळलेली गोष्ट माझ्यापर्यंत अशी पोचली.

न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या तीन लसी महत्त्वाच्या, शिवाय दरवर्षी फ्लूची. ठरवून ऑपरेशन असेल तर त्या शक्यतो दोन आठवडे आधी देतात, तातडीचं असेल तर साधारण दोन आठवड्यांनी. आपल्या वयाच्या मंडळींना लहानपणी सरकारी लसीकरणात यातलं काही मिळालेलं नाही. हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून २०११च्या शेवटी काही राज्यांत सुरू झाली, न्यूमोकोकल २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आणि देशभर २०२१ मध्ये. अमेरिकेत मोठ्यांसाठी न्यूमोकोकल लस १९७७ पासून मिळते.

लसी घेऊनही सगळं संपत नाही. त्यानंतरही मी दोनदा ॲडमिट झालोय. ताप शंभरच्या वर गेला की घरात ठेवलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस, जो डॉक्टरांनी आधीच लिहून दिलाय, आणि लगेच हॉस्पिटल. रिलीजची रात्र असो की भावाची हळद. मलेरियाही आम्हाला जास्त बाधतो, म्हणून पावसाळ्यात मच्छरदाणी. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकही लागतं, कारण कुत्र्याच्या तोंडातला एक जंतू खास आमच्यासारख्यांवर टपलेला असतो. आणि कॅज्युअल्टीत गेल्यावर ‘ताप आहे’ असं सुरुवातीला सांगायचं नाही. पहिलं वाक्य: ‘माझी पानथरी काढलीय.’ हे तीन शब्द ऐकले की नंबर लावून बसवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात मामा असतील, आजी असेल, थॅलेसेमियाचा भाऊ असेल, ज्यांची पानथरी पूर्वी कधी काढलीय, तर आज त्यांची जुनी फाइल उघडा. लसीच्या तारखा आहेत का बघा. नसतील तर तीच फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा, ऑपरेशनला वीस वर्षं झाली असली तरी.